काचेवर राहिलेलं पान

घोळ झेरॉक्सवाल्याने घातला, आणि तो झेरॉक्सवाला म्हणजे हे लिहिणाराच. लपवण्यात अर्थ नाही, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मास्तरीण निळी फाइल घेऊन त्याच्या दुकानात आली. सात पानं, प्रत्येकाच्या दोन प्रती. सहा पानं झाली आणि वीज गेली. सातवं काचेवर पालथं पडलेलं. शाळेचे गणवेश शिवायचे राहिलेत, संध्याकाळी नेते, असं म्हणून ती समोरच्या तिच्या दुकानात निघून गेली. वीज आली तेव्हा काउंटरपाशी घड्याळजीची थोरली बहीण उभी होती. तिला स्वतःच्या ओळखपत्राच्या दोन प्रती हव्या होत्या आणि घाई अशी, की जणू पाठीमागे कुणी लागलंय. झेरॉक्सवाल्याने झाकण उचललं, ओळखपत्र पालथं ठेवलं, बटण दाबलं. काचेला आधीचंच एक पातळ पान चिकटून बसलंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही, कारण त्याचं सगळं ध्यान मोबाइलवरच्या मॅचमध्ये होतं. मशीनने इमानेइतबारे खालच्या पानाच्या दोन प्रती काढल्या. त्याने त्या न बघताच घडी घातली, काचेवर जे काही होतं ते एका मुठीत उचललं आणि सगळं बाईंच्या पिशवीत सरकवलं.

बाईंनी घरी जाऊन घडी उघडली. वर मास्तरणीचं पूर्ण नाव, वय अडतीस, आणि त्याखाली जाड ठशात एचआयव्ही.

ही बाई दुसरी कुणी असती तर गोष्ट कदाचित तिथेच मिटली असती. पण ओळखपत्राच्या प्रती ती काढत होती त्या लग्नाच्या नोंदणीसाठी. लग्न तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे घड्याळजीचं. साक्षीदार म्हणून सही करणार ती. आणि नवरी मास्तरीण. तारीख तीन आठवड्यांवर आलेली.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. शाळेशी तिचा संबंध सातवीतच संपला. शिंप्याला मास्तर म्हणतात, तर बाई शिंप्याला काय म्हणायचं, असा प्रश्न गल्लीला पडला आणि गल्लीनेच सोडवला. दुकान सहा बाय आठ. पुढे पायमशीन, मागे मापं घ्यायला आणि कपडे घालून बघायला एक हिरवा पडदा, भिंतीवर खडूने आखलेली गिऱ्हाइकांची यादी, आणि यादीच्या वर एक घड्याळ. तिच्या तोंडात नेहमी दोन टाचण्या असत. टाचण्या तोंडात ठेवूनही तिला स्पष्ट बोलता येई, आणि लोकांची तक्रार नेमकी त्याचीच होती.

सत्ताविसाव्या वर्षी तिचा पहिला नवरा गेला. तो कशाने गेला ते दवाखान्याने आधी सांगितलं, आणि त्याच्याकडून तिला काय आलंय ते आठवड्याने. सासरच्यांनी दोन्ही गोष्टींचा दोष तिच्याच पदरात टाकला. ती भांडत बसली नाही. पायमशीनचं वरचं डोकं स्क्रू काढून सोडवलं, कडेवर घेतलं आणि निघाली. दिराने दारात अडवलं, मशीन घराचं आहे म्हणाला. "मग शिवा तुम्ही," ती म्हणाली, आणि दीर बाजूला झाला. चौदा किलोचं ते डोकं घेऊन ती बस स्टँडपर्यंत चालत गेली. डाव्या कमरेला अजून कधीकधी कळ येते. ती म्हणते, ती नवऱ्याची आठवण नव्हे, मशीनची.

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता एक गोळी. पहिली तीन वर्षं तिने रडतकढत घेतली, मग सवय झाली, मग गोळी म्हणजे दात घासण्यासारखी झाली. ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं, कागद फाइलला लावायचा. गेल्या सात वर्षांच्या प्रत्येक कागदावर तीच ओळ होती: विषाणू आढळला नाही.

घड्याळजी तिच्या आयुष्यात आला तो या गोळीमुळेच. तिचं भिंतीवरचं घड्याळ दिवसाला अकरा मिनिटं मागे पडायला लागलं, म्हणून ती ते काखोटीला मारून त्याच्या टपरीवर गेली. हा गृहस्थ बेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेला, आणि बोलायला इतका संथ की त्याच्या एका वाक्यात माणसाचा चहा पिऊन व्हावा. त्याने विचारलं, अकरा मिनिटांनी असं काय बिघडतं, कुठली गाडी पकडता? ती म्हणाली, गाडी नाही, एचआयव्हीची गोळी घ्यायची असते, बरोबर आठला. भिंग डोळ्यातून घरंगळून त्याच्या चहात पडलं.

घड्याळ त्याने दुरुस्त करून दिलं. मग दर आठवड्याला ते नीट चालतंय का बघायला येऊ लागला. घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं. वर्षाने त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा मास्तरणीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी दवाखान्यात जा म्हणाली, मला न घेता जा, आणि माझ्यासमोर विचारायची लाज वाटेल ते सगळं तिथे विचारून ये. तो चौदा प्रश्न कागदावर लिहून गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गोळ्या न चुकता चालू असतील आणि रक्तात विषाणू सहा महिन्यांहून जास्त काळ सापडत नसेल, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. घड्याळजीने विचारलं, म्हणजे धोका कमी होतो? कमी नाही, शून्य, त्या म्हणाल्या. त्याने तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारून बघितला, घड्याळ कानाला लावून तीनदा ऐकावं तसा. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. निरोध वापरायचा की नाही? याच्यासाठी गरज नाही, त्या म्हणाल्या, पण बाकीच्या आजारांसाठी आणि मूल नको असेल तर वापरा, ते तुमचं तुम्ही ठरवा. गोळ्या मात्र बंद पडता कामा नयेत. तो परत आला तो सरळ हिरव्या पडद्याशी, आणि त्याच्या मानाने फार भराभर म्हणाला, "मला काही अडचण नाही. तुला आहे का?"

राहिली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. येत्या रविवारी तिच्या घरी जायचं, फाइल समोर ठेवायची, एकेक पान समजावून सांगायचं, असं मास्तरणीने ठरवलं होतं. त्या प्रती त्यासाठीच होत्या. झेरॉक्सवाल्याने तो रविवार मंगळवारवर आणून ठेवला.

बाईंनी पान वाचलं तेही अर्धंच. वरची ओळ वाचली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, मग खालची कोण वाचतो. संध्याकाळपर्यंत शेजारणीला कळलं, बुधवारी नळावर, गुरुवारी गादीवाल्याला, आणि गादीवाल्याला कळलं म्हणजे वेगळी दवंडी पिटायला नको. शुक्रवारी सकाळी मास्तरणीच्या दुकानातून चार बायका आपापलं कापड परत घेऊन गेल्या. एकीने कारण सांगितलं, कापड दुसऱ्या दुकानात स्वस्तात शिवून मिळतंय. दुसरीने ओढणीचा पदर नाकाला लावला होता. मास्तरणीने चौघींना घड्या घालून कापड दिलं. चौथीचं कापून झालं होतं, तिला तुकडे मोजून दिले.

मग ती रस्ता ओलांडून झेरॉक्सच्या दुकानात आली. झेरॉक्सवाल्याने चार दिवस तोंडपाठ केलेली माफी सुरू केली. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, याचाच अर्थ पुढचं बोलणं गंभीर होतं. माफी तुझ्याकडेच ठेव, म्हणाली, मला एक मोठी पाटी छापून दे. आणि माझं पान परत आण. मूळचं, सही-शिक्क्याचं. हे दोन तुझ्याकडे लागू.

पाटीचा मजकूर तिने उभ्या उभ्या सांगितला. झेरॉक्सवाल्याने दोनदा विचारलं, नक्की का? दुसऱ्यांदा विचारल्यावर तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने टाइप केलं. दुपारी पाटी दुकानावर लागली:

"हे दुकान चालवणाऱ्या बाईला एचआयव्ही आहे. अकरा वर्षं आहे. शिवण चांगली आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी लांबून बघू नये, आत येऊन विचारावं. विचारण्याचे पैसे पडत नाहीत."

दोन दिवस लोक फक्त पाटी वाचायला येत होते. गादीवाल्याने समोरून ओरडून विचारलं, ही काय जाहिरात आहे का. ती म्हणाली, हो, तुमची तोंडी जाहिरात फुकट चालली होती, म्हटलं आपणही थोडा हातभार लावावा.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी साठ गणवेशांचं कापड परत आणायला शिपाई पाठवला. मास्तरणीने शिपायाला चहा पाजला आणि निरोप दिला, बाईंना स्वतः यायला सांग. आश्चर्य म्हणजे बाई आल्या. त्यांचा प्रश्न सुईचा होता. शिवताना सुई बोटात गेली, रक्त कापडाला लागलं, ते पोराच्या अंगाला लागलं तर? मास्तरीण म्हणाली, पहिली गोष्ट, रक्त लागलेला कपडा मी गिऱ्हाइकाला देईन का? पंधरा वर्षं शिवतेय. दुसरी गोष्ट, हा विषाणू अंगाबाहेर टिकत नाही, कापडावर सुकलेल्या डागातून कुणाला होत नाही. आणि तिसरी, माझ्या रक्तात तो मोजण्याइतकासुद्धा उरलेला नाही. तिने फाइल पुढे केली. सातवं पान नव्हतं, पण सहावं होतं, मागच्या वर्षीचं. मुख्याध्यापिकांनी पेपर तपासावा तसं ते खालपर्यंत वाचलं, आणि जाताना फक्त एवढंच विचारलं, की मुलींच्या स्कर्टच्या घड्या आतून शिवाल ना? गणवेश राहिले.

पण घड्याळजीच्या बहिणीने काही ऐकून घेतलं नाही. पाटी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी भर दुपारी ती आली, पडद्याच्या आत न जाता रस्त्यावरच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की लग्न मोडायचं.

"बसा वन्सं," मास्तरीण म्हणाली.

"अजून झाले नाहीये तुझी वन्सं. होणारही नाही."

"बरं, ताई बसा."

ताई बसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: त्यांना एकच भाऊ आहे. तो भोळा आहे. त्याला या बाईने काय पाजलं कोण जाणे. सही त्या करणार नाहीत, आणि त्यांच्या सहीशिवाय भाऊ कसा लग्न करतो ते बघतीलच. मास्तरणीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, साक्षीदार दुसरा कुणीही चालतो, कायद्याला तुमचीच सही लागते असं नाही. तुमच्या भावाने कालच सांगितलंय, ताई नाही म्हणाली तरी आपण जाऊ. मीच नको म्हटलं.

ताईंना हे अपेक्षित नव्हतं. का, असं त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्याने विचारलं.

"मला चोरून आणलेला नवरा नको आहे. तुमच्या हातून हवाय. तुम्ही सही कराल तर लग्न, नाहीतर तो त्याच्या टपरीवर आणि मी माझ्या मशीनवर. पण सही करायची नसेल तर कारण खरं सांगा. लागण होईल म्हणून नको म्हणत असाल, तर ती होत नाही, चला डॉक्टरकडे. लोक काय म्हणतील म्हणून नको म्हणत असाल, तर तसं बोला, मी समजून घेईन."

ताई म्हणाल्या, त्यांच्या घरात कुणाला असलं काही नाही.

"तपासलंय?" मास्तरणीने विचारलं. "माझ्याकडे अकरा वर्षांचे कागद आहेत. तुमच्या घरात कुणाकडे एक तरी आहे का? ज्याला आहे आणि ठाऊक आहे आणि जो गोळ्या घेतोय, त्याच्यापासून कुणाला भीती नाही. भीती असते ती ज्याला आहे आणि ठाऊकच नाही, त्याच्यापासून."

ताईंचा चेहरा एकदम पडला. गल्लीला वाटलं अपमानाने. त्या पाठ फिरवून भराभर निघून गेल्या, आणि जाताना चप्पल निसटली तरी थांबल्या नाहीत, दहा पावलं पुढे जाऊन मग मागे आल्या. झेरॉक्सवाल्याने त्यांना गाठून पान मागायचा प्रयत्न केला. त्यांनी त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

त्या भांडणाचा एक परिणाम असा झाला की पडद्यामागे रांग लागली. कपड्याचं निमित्त असायचं. कुणाची पँट उंचीने कमी करायची असायची, कुणाची चेन बदलायची. मापाची टेप गळ्यात अडकवून मास्तरीण उभी, आणि पडद्याआड आवाज खाली. चुंबनाने होतो का? नाही. त्याच्या ताटात जेवल्याने, एका संडासात गेल्याने, डास चावल्याने? नाही, नाही, आणि डासाने झाला असता तर आतापर्यंत गल्लीत कुणी उरलं नसतं. एकदाच झालं होतं, एकदाने काय होतंय? बहुतेक वेळा काही होत नाही, पण तुझी वेळ कोणती ते कसं सांगणार, तपासून घे. तोंडाने केलं तर? धोका फारच कमी, पण तोंडात जखम असेल तर उगाच पैज लावू नये. मागून? तिथे सगळ्यात जास्त, निरोधाशिवाय नाहीच. निरोध पाकिटात वर्षभर ठेवलेला चालतो का? पाकिटात बसून बसून तो तुझ्यासारखाच उबून गेला असेल, नवा घे.

एक इस्त्रीवाली पोरगी रडतच आली. परवा रात्री निरोध फाटला होता, आणि त्या मुलाने नंतर सांगितलं की तो गोळ्या मध्येच सोडून बसलाय. मास्तरणीने मशीनवरचा शर्ट तसाच सोडला, शटर ओढलं, आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बहात्तर तासांच्या आत गेलं तर महिनाभर घ्यायच्या गोळ्या मिळतात, त्याने लागण थांबू शकते, आणि जितकं लवकर तितकं बरं. परत येताना म्हणे तिने रिक्षावाल्यालाही सगळं समजावलं, कारण तो आरशातून कान देऊन ऐकत होता.

झेरॉक्सवालाही एकदा पडद्यामागे गेला. त्याच्या एका मित्राला एक शंका होती. मास्तरणीने मित्राचं वय, मित्राची उंची आणि मित्राला मॅच बघायची फार सवय आहे का हे विचारून घेतलं, मग मित्राला तपासणी केंद्राचा पत्ता दिला. मित्र जाऊन आला. मित्र ठीक आहे.

लग्नाला आठ दिवस उरले तरी सहीचा पत्ता नव्हता. घड्याळजी रोज येऊन स्टुलावर बसायचा आणि घड्याळाकडे बघायचा. मास्तरीण त्याला म्हणायची, ते नीट चालतंय, तू तुझं बघ. पण त्या आठवड्यात तिने दोन शर्टांना बाह्या उलट्या लावल्या, आणि ते तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

गुरुवारी दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, ताई आल्या. हातात निळं कापड. ड्रेस शिवायचाय म्हणाल्या. मास्तरणीने पडदा बाजूला केला आणि टेप घेतली. खांदा साडेचौदा. छाती अडतीस. हा आकडा खडूने लिहून ती कमरेकडे वळली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बाईंचं पोट श्वास रोखल्यासारखं ताठ आहे.

"नऊ आठवड्यांपूर्वी तुझे भावजी येऊन गेले," ताई पडद्याला म्हणाल्या, तिच्याकडे न बघता. भावजी म्हणजे ताईंचे यजमान. मोठ्या शहरांत लिफ्ट बसवायचं काम, दोन-दोन महिने बाहेर. त्यांच्या बॅगेत कपडे धुवायला काढताना चिठ्ठी सापडली होती, दुसऱ्या गावच्या गुप्तरोगाच्या डॉक्टरची. ताईंनी ती परत बॅगेत ठेवली, बॅग बंद केली, त्यांना पोचवायला स्टँडवर गेल्या आणि हात हलवून परत आल्या. तेव्हापासून कुणाला एक शब्द बोलल्या नव्हत्या. सातव्या आठवड्यात झेरॉक्समधून ते पान हाती आलं.

"मी तुझ्यावर ओरडत होते ना," ताई म्हणाल्या, "तेव्हा मला वाटत होतं, हे आपल्याही अंगात आहे."

ही गोष्ट मास्तरणीने पुढे झेरॉक्सवाल्याला सांगितली ती ताईंची परवानगी घेऊन, आणि लिहायलाही ताईंनीच सांगितलं. त्यावेळी आपल्याला टोमणा सुचला होता हे ती कबूल करते. चांगला होता म्हणे. पण तो तिने गिळला आणि कमरेचं माप पूर्ण केलं, कारण हातातलं काम अर्धवट सोडलं तर समोरचं माणूस जास्त घाबरतं. छत्तीस, असं लिहून मग म्हणाली, "चला. आज गुरुवार आहे, केंद्र चारपर्यंत उघडं असतं. एकच गोष्ट ऐका. काही निघालं तरी तुम्ही मरत नाही. माझ्याकडे बघा. मी मेल्यासारखी दिसते का?"

ताई म्हणाल्या, दिसत नाहीस, हाच तर सगळ्यांचा त्रास आहे. दोघी पहिल्यांदा एकत्र हसल्या त्या तिथे.

केंद्रात एक मुलगी बसलेली होती, पंचविशीची. तिने ताईंना आत नेलं, दार लावलं, शेवटचा संबंध कधी, निरोध होता का, हे सगळं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं विचारलं. ताईंना सगळ्यात नवल त्याचंच वाटलं, की तिचा आवाज एकदाही खाली गेला नाही. रक्त घेतलं. दीड तास बाकावर. मास्तरणीने पिशवीतून एक फ्रॉक काढला आणि बटणांची काजं करत बसली. ताई तिच्या बोटांकडे बघत होत्या. एकदा सुई टोचली. ताईंनी बघितलं, मास्तरणीने बोट चोखलं, दुसऱ्या हाताने काजं पुढे चालू. ताईंनी पिशवीतून स्वतःचा रुमाल काढून दिला.

लागण नव्हती. मुलीने समजावलं, की नऊ आठवडे झालेत म्हणजे हे उत्तर बरंच भरवशाचं आहे, तरी तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा या म्हणजे शंका उरणार नाही. बाकीच्या गुप्तरोगांचीही तपासणी आजच करू. आणि यजमानांनी तपासल्याशिवाय निरोधाशिवाय जवळ जायचं नाही. ताईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्या केंद्राच्या पायरीवरच उभ्या राहिल्या आणि फोन लावला. मास्तरीण लांब जायला लागली तर मनगट धरून थांबवलं.

"चिठ्ठी मी बघितली आहे," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आता दोन रिपोर्ट घेऊन यायचं. एक त्या आजाराचा, एक एचआयव्हीचा. कागद हातात असेल तर दार उघडेन. नाहीतर लिफ्टमध्येच झोपा." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओरडू नका. ओरडून मी बघितलंय, त्याने रिपोर्ट बदलत नाही."

नोंदणीच्या दिवशी ताई अर्धा तास आधी हजर. निळा ड्रेस अंगात, बाह्या सरळ. नोंदणी कार्यालयातला कारकून गादीवाल्याचा भाचा निघाला, त्यामुळे त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. कागद पुढे सरकवताना तो मास्तरणीकडे न बघता ताईंना हळूच म्हणाला, की बाई, तुम्हाला सगळी कल्पना दिलेली आहे ना? ताईंनी पेन उघडलं. सही करताना इतका जोर लावला की खालच्या दोन पानांवर तिचे वळ उठले. मग पेनाला टोपण लावलं.

"मला आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा शेवटचा रिपोर्ट कधीचा?"

कारकुनाने पुढचा अर्धा तास शिक्क्याच्या पॅडमधून डोकं वर काढलं नाही. शिक्का त्याने उलटा मारला, आणि तो घड्याळजीने, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब वाक्यात, पुन्हा मारायला लावला.

पाटी अजून दुकानावर आहे, उन्हाने अक्षरं फिकट झाली म्हणून झेरॉक्सवाल्याने एकदा नवी छापून दिली. भावजी कागद घेऊन आले. त्यात काय होतं ते ताईंनी गल्लीला सांगितलं नाही आणि गल्लीनेही, पहिल्यांदाच, विचारलं नाही.

पान मात्र राहिलंच. ते ताईंच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली आहे. झेरॉक्सवाला तीनदा मागायला गेला. तिसऱ्यांदा त्यांनी ते बाहेर काढून दाखवलंसुद्धा. मागच्या बाजूला त्यांनी बॉलपेनने स्वतःच्या दोन तपासण्यांच्या तारखा लिहून ठेवल्यात. दुसऱ्या तारखेपुढे एक बरोबरची खूण. पुढची बाजू, म्हणाल्या, आता पूर्ण पाठ आहे, खालच्या ओळीसकट. मग घडी घालून पुन्हा कपाटात.

मास्तरीण सकाळी शटर उघडताना रस्त्यापलीकडून रोज विचारते, "माझं पान?"

"उद्या," झेरॉक्सवाला म्हणतो.